सुट्टी बाधते

अण्णा, आज शुक्रवार आहे. तुमच्या वेळी एवढं म्हटलं असतं तर आपल्या घरात पुढचं काही सांगावं लागलं नसतं. पण तुम्हाला जाऊन पंचवीस वर्षं होऊन गेली आणि तिकडे कुणी वार मोजत असेल असं वाटत नाही, म्हणून नीट सांगते. काल गुरुवार होता आणि आपल्या धाकट्याने सुट्टी घेतली होती. कित्येक वर्षांत पहिल्यांदा घेतली. आज सकाळी तो परत कामाला गेलाय, आणि ताप यायचाच असेल तर संध्याकाळपर्यंत येईल. तोवर मला काही सुचत नाही. फोन टेबलावर पालथा घातलाय, तरी सारखी उलटून बघते आहे. मघाशी एका पेशंटच्या नाकाला चिमटा लावायचा विसरले आणि वर त्यालाच "नीट फुंका" म्हणून झापलं. बिचारा म्हणाला, "मॅडम, सगळं नाकातून जातंय." जाणारच.

म्हणून हे लिहायला घेतलं. समोर कुणी नसलं की लिहिते, कुणी आलं की कागद बाजूला सारते. कागदही चांगले नाहीत, मशिनमधून निघालेले वाया गेलेले रिपोर्ट आहेत, त्यांच्या कोऱ्या बाजूवर लिहिते आहे. पंख्याने उडू नयेत म्हणून वर तुम्ही दहावीला दिलेली पितळेची कैरी ठेवली आहे. तिला एका बाजूने खड्डा आहे, आठवतं? "साच्यात हवा राहिली," म्हणाला होतात, "पण तुझ्या गणिताच्या मार्कांपेक्षा बरीच म्हणायची." मला तेव्हा रडू आलं होतं. आता त्या खड्ड्यात अंगठा बरोब्बर बसतो.

तुम्हाला मी हॉस्पिटलात केसपेपरच्या खिडकीत बसणारी म्हणून माहीत. तुम्ही गेलात त्यानंतर वर्षभराने मी छातीच्या विभागात आले आणि इथेच राहिले. माझं काम सांगायला सोपं आहे. माणसाच्या नाकाला चिमटा लावायचा, तोंडात नळी द्यायची आणि त्याच्या डोक्याशी उभं राहून ओरडायचं, "फुंका, फुंका, फुंका, अजून, अजून, सोडू नका!" बाहेर बाकावर बसलेले लोक हसतात. आत आले की त्यांचंही हसू जातं. छातीत किती हवा मावते आणि ती किती जोरात बाहेर पडते, हे मशिन कागदावर काढून दाखवतं. त्या रेघेकडे बघून मला आता माणसाचा धंदा ओळखता येतो असं मी कधीकधी फुशारकीने सांगते. खरं म्हणजे धंदा मी नखांवरून ओळखते.

तर शुक्रवार. भवानी पेठेतल्या आपल्या दोन खोल्या, मी सातवी-आठवीत. तुम्ही फाउंड्रीतून येता, चपला दारात काढता, मोरीत हातपाय धुता. भुवयांवर पांढरं भुरभुरीत बसलेलं असतं, सावरीच्या कापसासारखं, आणि आई रोजच्यासारखंच म्हणते, "आजपण म्हातारे होऊन आलात." मग ती तांब्या पुढे करते आणि आम्ही सगळे तुमच्या तोंडाकडे बघत राहतो. तुम्ही एक घोट घेता. थांबता. "पाणी गोड लागतंय," असं म्हणालात की आई एक शब्द न बोलता उठते आणि ट्रंकेतून गोधड्या काढायला लागते. तासाभरात तुम्हाला हुडहुडी भरते. बाहेर मे महिना, पत्रा तापलेला, शेजारचे लोक उघड्याबंब अंगाने गॅलरीत बसलेले, आणि तुम्ही गोधडीवर गोधडी घेऊन कुडकुडताय. दात वाजतात ते आम्हाला स्वयंपाकघरात ऐकू येतं. आई सुंठ-गुळाचं पाणी उकळते आणि ते घेताना तुम्ही म्हणता, "यात गूळ घातलास की नाही? मला सगळंच गोड लागतंय, कळत नाही." शनिवारी सकाळी अंथरूण घामाने भिजलेलं असतं आणि तुम्ही ठणठणीत. चहा ढोसून कामावर. पुन्हा थेट पुढच्या शुक्रवारपर्यंत काही नाही.

फाउंड्रीत तुम्ही नळाच्या तोट्या ओतायचात. मुशीत तांबं वितळलं की शेवटी जस्त टाकायचं, मग त्याचं पितळ होतं, हे मला शाळेत शिकवायच्या आधीच ठाऊक होतं. जस्त पडलं की भट्टीतून पांढऱ्या धुराचा लोट उठायचा. मी एकदा तुमचा डबा घेऊन आले होते तेव्हा तो पाहिला. मला तो सुंदर वाटला होता. आज हे लिहायला नको वाटतंय, पण वाटला होता.

आणि गुरुवार. बाकी जगाला रविवारी सुट्टी असते, पुण्याच्या कारखान्यांना गुरुवारी. गुरुवारचे तुम्ही कुणी वेगळेच असायचात. एरवी जेवताना "मीठ दे" याच्यापुढे न बोलणारा माणूस गुरुवारी सकाळपासून बडबड करायचा. आई उपास करायची आणि तुम्ही तिच्या साबुदाण्याच्या खिचडीला नावं ठेवत तीच दोनदा घ्यायचात. दुपार कलली की धाकट्याला खांद्यावर आणि मला बोटाला धरून बुधवार पेठेत. जुन्या रेडिओचे भाग शोधायला जायचं, असं निमित्त. तो रेडिओ कधी लागला नाही आणि लागावा असं कुणाला वाटतही नव्हतं. दगडूशेठच्या गणपतीला तुम्ही रस्त्यावरूनच हात जोडायचात. "लांबूनच बरं," म्हणायचात, "जवळ गेलं की काहीतरी मागावंसं वाटतं." आणि दर वेळी तोच विनोद. "आज वार कुठला? गुरुवार. आलो कुठे? बुधवारात. म्हणजे आपण एक दिवस मागे आलो, सुट्टी अजून उद्या आहे!" धाकटा दर वेळी खरं मानून टाळ्या पिटायचा. मला तो विनोद त्या वयातही भंगार वाटायचा, आणि त्याची वाटही मी आठवडाभर बघायचे.

थांबते जरा. बाई आल्या आहेत एक, धाप लागलेली आहे.

झालं. फोन आला नाही.

तो शुक्रवारचा ताप कशाने येतो हे शोधायचं आईने मनावर घेतलं. तिची पद्धत सरळ होती. गुरुवारी वेगळं काय होतं ते एकेक करून बंद करायचं. आधी खिचडी गेली, मग केळी गेली. मग डोक्यावरून अंघोळ बंद झाली, मग बुधवारातला उसाचा रस. दृष्ट काढून झाली. ताप काही हटेना. मग एकदा मालकाला घाईची ऑर्डर आली, तुम्ही गुरुवारीही भट्टीवर गेलात, आणि शुक्रवारी आलात, पाण्याचा घोट घेतलात, थांबलात आणि म्हणालात, "पाणी पाण्यासारखं लागतंय." त्या रात्री गोधड्या निघाल्या नाहीत. आईचा चेहरा मला अजून दिसतो. एवढे दिवस कुलपाशी झटापट करून किल्ली सापडावी तशी ती उजळली होती. "सुट्टी बाधते तुम्हाला!" ती म्हणाली. वांगं बाधतं, काकडी बाधते, तशी सुट्टी बाधते. शेजारपाजारच्यांनी माना डोलावल्या. कष्टाचं शरीर आहे, बसलं की बिघडतं. पुढच्या गुरुवारीही तुम्ही गेलात. ताप नाही. त्याच्या पुढच्याही. मालकाला काय, दुधात साखर. आणि गुरुवार आपल्या घरातून गेला तो गेलाच.

मी एकदा विचारलं होतं. गुरुवारची सकाळ होती, तुम्ही डबा घेत होतात, आणि मी म्हटलं, आज एकच दिवस जाऊ या ना बुधवारात. तुम्ही वळून बघितलंत आणि म्हणालात, "तुझी हौस माझ्या अंगाला परवडत नाही." असं कधी बोलला नव्हतात. आईसुद्धा चपापली. मी परत कधी विचारलं नाही. त्या वाक्याचा मला राग आहे अण्णा, आजही आहे. वाक्य तुमचं नव्हतं हे कळतं, तुम्ही खरंच घाबरला होतात त्या हुडहुडीला, हेही कळतं. कळल्याने राग जातो असं कुणी सांगितलं?

इथे कामाला लागले तेव्हा आम्हा तंत्रज्ञांना आमच्या डॉक्टर मॅडम आठवड्यातून एकदा शिकवायच्या. एकदा त्या धातूंच्या धुरावर बोलत होत्या. पितळ ओतणारे, जस्त चढवलेलं लोखंड जोडणारे, यांना एक ताप येतो, त्याला सोमवारचा ताप म्हणतात, असं त्यांनी सांगितलं. तोंड गोड होतं, थंडी वाजते, दुसऱ्या दिवशी उतरतो, आणि रविवारच्या सुट्टीनंतर सोमवारी कामावर गेलं की येतो. मी हात वर न करताच बोलून गेले, "शुक्रवारी येतो." सगळे हसले. मॅडम चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "अच्छा. पुण्यात तापालासुद्धा गुरुवारची सुट्टी लागते वाटतं." मीपण हसले. मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभी राहिले. तो नळही पितळेचा होता.

मॅडमनी नंतर मला बसवून समजावलं, आणि ते मी तुम्हाला सांगायला हवं, कारण तुम्हाला ते कुणी सांगितलं नाही. जस्ताचा तो पांढरा धूर थेट छातीत उतरतो. तिथे पहारेकरी पेशी असतात. आत येईल ते गिळायचं आणि शरीरभर आरोळी ठोकायची, हे त्यांचं काम. ताप म्हणजे ती आरोळी. पण रोजच धूर आला तर त्या रोज ओरडत नाहीत. दोन दिवसांत त्यांचा आवाज बसतो. धूर तेवढाच असतो, इजा तेवढीच होते, फक्त ओरडणं थांबतं. मग एक दिवस सुट्टी मिळाली, स्वच्छ हवा मिळाली, की त्या पुन्हा ताज्या होतात, आणि दुसऱ्या दिवशी धूर आला की पुन्हा जीव खाऊन ओरडतात. सुट्टी बाधत नव्हती अण्णा. सुट्टीत तुमची छाती भानावर येत होती. आणि आपण सगळ्यांनी मिळून, प्रेमाने, तिला भानावर येऊ दिलं नाही.

त्यातली आणखी एक गोष्ट मला तेव्हा फार लागली. त्या पहारेकरी पेशींना स्वतःला जस्त लागतं. कणभर, पण लागतंच. नसलं तर त्या आंधळ्या पडतात. आणि एखादा जंतू गिळला की त्याला मारायला त्या थोडं तांबं वापरतात. म्हणजे तुमच्या मुशीत जे होतं तेच तुमच्या छातीत होतं, फक्त चिमटीत मावेल एवढं. भाजीला मीठ लागतं म्हणून कुणी मिठाच्या पोत्यात डोकं घालत नाही. तुम्ही घातलं होतंत, आठवड्याचे सातही दिवस.

शेवटची दोन वर्षं तुम्हाला सारखा न्यूमोनिया व्हायचा, एका जिन्याला तुम्ही मध्ये दोनदा टेकायचात, आणि एकदा डॉक्टरांनी अशक्तपणावर म्हणून कॅप्सूल लिहून दिल्या. मी पाकिटावरचं वाचून दाखवलं, "यात झिंक आहे, अण्णा. झिंक म्हणजे जस्त." तुम्ही आधी माझ्याकडे बघितलंत आणि मग हसत सुटलात, हसता हसता खोकला, खोकता खोकता निळे पडलात, आणि आई पाठ चोळत असताना म्हणालात, "जन्मभर फुकट खाल्लं, आता विकत घ्या." आपण तिघंही हसलो होतो. तुमच्या तोंडून ऐकलेला शेवटचा विनोद तो.

आता धाकट्याचं. त्याने सिंहगड रोडच्या पलीकडे, धायरीला फॅब्रिकेशनची शेड टाकली आहे. जिन्याचे कठडे, गेट, गच्चीवरच्या पत्र्याचे सांगाडे. जीआय पाइप वापरतो, म्हणजे गंजू नये म्हणून लोखंडावर जस्त चढवलेला पाइप. वेल्डिंग केलं की ते जस्त पेटून पांढरा धूर निघतो. जस्त काही आपलं घर सोडत नाही. सुरुवातीला त्यालाही सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी ताप यायचा. आईने तांब्यातून पाणी दिलं, त्याने घोट घेतला, तोंड वाकडं केलं, आणि आई काय म्हणाली हे तुम्हाला सांगायची गरज नाही. बापाची जमीन नाही, घर नाही, एवढं एक वाक्य त्याच्या वाट्याला आलं. तेव्हापासून शेड सातही दिवस उघडी असते.

दिवाळीनंतर त्याचा खोकला हटेना म्हणून मी त्याला ओढून इथे आणलं. त्याच्या डोक्याशी उभी राहून ओरडले, "फुंक, फुंक, फुंक, सोडू नकोस!" आणि कागदावरची रेघ बघून वर नाव त्याचंच आहे ना, ते पुन्हा तपासलं. त्याच्या वयाला शोभणारी ती रेघ नव्हती. अशी रेघ मी साठी उलटलेल्या बिडीवाल्यांची बघते, आणि हा तर सुपारीसुद्धा खात नाही.

"काय आलं?" तो म्हणाला.

"गुरुवारी सुट्टी घे, आणि त्या धुरात तोंड घालणं बंद कर, हे आलं."

"ताई, तुला माहितीये. एक दिवस घरी बसलो की दुसऱ्या दिवशी आडवा होतो मी. अण्णांचंच आहे ते. रक्तात असतं एकेकाच्या."

मी त्याला सगळं सांगितलं, पहारेकरी, आरोळी, सगळं. लोखंडाचंही सांगितलं. जंतूंना वाढायला लोखंड लागतं म्हणून शरीर आपलं लोखंड लपवून ठेवतं, आणि वेल्डिंगवाला ते धुरातून आत घेऊन त्यांच्यापुढे ताट वाढतो, वेल्डिंगवाल्यांना न्यूमोनिया जास्त होतो तो यामुळेही असावा असं मॅडम म्हणतात, हे सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "म्हणजे अण्णांना गुरुवार बाधत नव्हता."

"नव्हता."

"मग हे आईला सांग."

मी त्याच्या रिपोर्टला टाचणी लावत बसले. तो माझ्याकडे बघत राहिला, रागाने नव्हे, आणि म्हणाला, "बघ. तुलाही नाही सांगता येत. मग मी कसं वागू?"

आई त्याच्याकडेच राहते. ऐकू नीट येतं, दिसतं थोडं कमी, आणि डोकं तुम्ही सोडून गेलात तेव्हा होतं तसंच तल्लख. अजून कुणी पाहुणा आला की ती अभिमानाने सांगते, ह्यांचा ताप डॉक्टरांना कळला नव्हता, मी शोधून काढला. तिच्या आयुष्यात तिने स्वतः लावलेला शोध म्हणावा असा तेवढा एकच आहे. तो मी काढून घेऊ?

शेवटी पैज लागली. आपल्या घरात समजूत पटत नाही, पैज लागते. त्याने एक गुरुवार पूर्ण सुट्टी घ्यायची. शुक्रवारी कामावर जायचं, पण जोड द्यायच्या आधी तिथलं जस्त ग्राइंडरने घासून काढायचं, मी आणून दिलेला, दोन बाजूंना हवा गाळणारे डबे असलेला मास्क तोंडाला घट्ट बसवायचा, आणि मागचा पंखा चालू ठेवायचा. घासताना उडते ती धूळही वाईटच, म्हणून मास्क तेव्हापासूनच. ताप नाही आला, तर दोष धुराचा. मग हे सगळं कायमचं, आणि गुरुवारी शेडला कुलूप. ताप आला तर? "तर तू गप्प बसायचं," तो म्हणाला. "कायमचं. मला परत त्या नळीत फुंकायला बोलवायचं नाही." मी हो म्हटलं. आता वाटतंय कशाला म्हटलं. मास्क गालाला नीट बसला नसेल तर? उकडलं म्हणून मध्येच काढला असेल तर? कुणी घाईचं काम घेऊन आला आणि याने न घासताच जोड मारला तर? एका फटीतून आलेल्या धुरावर माझ्या भावाची छाती जाणार आणि मला तोंड उघडता येणार नाही. घड्याळाकडे बघायचं नाही असं ठरवलंय, पण भिंतीवर नेमकं समोरच लावलंय कुणा शहाण्याने.

काल तो सुट्टी घेऊन बसला तर त्याला कळेना दिवसाचं करायचं काय. सकाळी स्कूटर धुतली. मग शेजाऱ्याची धुतली. संध्याकाळी आईला रिक्षात घालून माझ्याकडे आला आणि दारातूनच म्हणाला, "चल, बुधवारात जाऊ." आई रस्ताभर कुरकुरत होती, "उद्या बाधेल रे तुला, ऐक माझं." गर्दीत तिला चालवेना म्हणून एका दुकानाच्या पायरीवर बसवलं. दुकानदार म्हणाला, "आजी, पायरी गिऱ्हाईकांसाठी आहे." आई म्हणाली, "मग गिऱ्हाईक येईस्तोवर बसते." तुमची बायको आहे खरी. आणि तेवढ्यात धाकट्याने, पन्नाशीला टेकलेल्या त्या बाप्याने, इकडेतिकडे बघत मला हळूच विचारलं, "ताई, आज गुरुवार ना? मग आपण बुधवारात कसे?" मी त्याचं बोट धरलं. गुरुवार राहिले असते तर तुम्ही वाचला असतात असं मी म्हणत नाही, तुमच्या तोंडाला कुणी मास्क दिला नव्हता आणि भट्टी सोडून दुसरं काम तुम्हाला येत नव्हतं. पण गुरुवार तरी मिळाले असते. आम्हाला तुम्ही मिळाला असतात.

पेशंट संपले. मावशी फरशी पुसायला आल्या आहेत आणि माझ्या खुर्चीपाशी फडकं मुद्दाम आपटताहेत. आता तो घरी पोचला असेल. फोन नाही.

अण्णा, फोन आला. धाकट्याचा नव्हता, आईचा होता. ती कधी स्वतः लावत नाही, नातीकडून लावून घेतला असणार. मी "हॅलो" म्हणायच्या आत म्हणाली, "आला तो. तांब्या दिला मी. पाणी पाण्यासारखं लागतंय म्हणाला." मागून धाकट्याचा आवाज आला, "सांग तिला, गाल सोलून निघालेत, पण गुरुवारचं कुलूप घेतलंय विकत!" मी हसले, रडलेसुद्धा थोडी. मावशींनी फडकं आपटायचं थांबवलं.

आई मात्र हसली नाही. मग ती म्हणाली, "अगं, काल तर सुट्टी घेतली होती त्याने."

"हो आई."

"मग ताप कसा नाही आला?"

"मास्क होता ना. धूर गेला नाही आत."

मी देवाला म्हणत होते, इथेच थांबू दे हिला. पण तिची पद्धत तुम्हाला माहीत आहे, एकेक बाजूला काढत जायची. "म्हणजे धूर बाधतो," ती सावकाश म्हणाली. "मग ह्यांचे गुरुवार मी उगीच घालवले का गं?"

आता हे कागद. दुसऱ्या बाजूला पेशंटची नावं आहेत, असे कागद जाताना फाडून टाकायचे असा इथला नियम आहे. तोही बरा आहे. घरी नेले आणि तिने नातीकडून वाचून घेतले तर केलेलं सगळं फुकट जाईल. कैरी तेवढी पर्समध्ये टाकते आणि निघते. पण तिला मी काय उत्तर दिलं ते तुम्हाला ठाऊक असायला हवं. मी म्हटलं, "छे गं आई, तेव्हाचं पितळ वेगळं होतं. अण्णांना सुट्टीच बाधायची." ती म्हणाली, "हां, तेच म्हटलं मी," आणि फोन नातीकडे दिला.

पितळ तेच होतं. जस्तही तेच. आई आज ना उद्या तुमच्याकडे येईल आणि पाणीसुद्धा न घेता आधी हेच विचारेल. तेव्हा माझं खोटं सांभाळून घ्या, अण्णा. वेगळं होतं म्हणा.